जुन्या हॉर्स ट्रेलरची पिछाडी: साखळी बदलायची की दांडा बसवायचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पेनसिल्व्हेनियात मुलीच्या घोड्यासाठी तुम्ही १९९६ सालचा, दोन घोड्यांचा पोलादी ट्रेलर घेतलाय. घोडे पुढे तोंड करून शेजारी-शेजारी उभे राहतात, मध्ये पार्टिशन, मागे दोन दारं. प्रत्येक घोड्याच्या पुठ्ठ्यामागे रबरी नळीत घातलेली एक साखळी आहे, जिला इथे बट चेन म्हणतात. उजव्या साखळीचा भिंतीतला आयबोल्ट (डोक्याला गोल डोळा असलेला बोल्ट) वाकलाय आणि हुक गंजून घट्ट बसलाय. यजमान म्हणतात, हार्डवेअरच्या दुकानातून साखळी आणि दोन कॅरॅबिनर (स्प्रिंगने मिटणाऱ्या कड्या) आणू, अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्ही विचारताय, एवढ्याने भागेल का, की साखळी काढून दांडा बसवावा, आणि बसवला तर किती उंचीवर?

एवढ्याने भागणार नाही. मी मूळचा कोल्हापूरचा, आयटीआयला वेल्डिंग शिकलो, आणि गेली बावीस वर्षं शेजारच्या न्यू जर्सीत ट्रेलर दुरुस्तीचं काम करतोय. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या ट्रेलरांत साखळी तुटलेली मी फार क्वचित पाहिली. निसटतो तो भिंतीतला आधार, नाहीतर वेळेवर उघडत नाही तो हुक. तुमच्याकडे दोन्ही खुणा आत्ताच दिसताहेत. नवी साखळी आणली तरी ती अडकणार त्याच वाकलेल्या डोळ्यात आणि त्याच पत्र्यात.

आपल्याकडे पागेत घोडा बांधायचा तो अगाडी-पिछाडीने. पुढची दोरी अगाडी, मागच्या पायांची पिछाडी. दोन्हींची कामं वेगळी. ट्रेलरमध्येही तसंच आहे. पुढची दोरी किंवा म्होरकी अशी हवी की घोडा जिवाच्या आकांताने मागे खेचायला लागला तर ती तुटावी. मागचा अडसर मात्र तुटता कामा नये, पण माणसाने एका हाताने सोडला की सुटायला हवा, आणि तोही घोडा त्यावर अंग टाकून रेटत असताना. पुढचं तुटावं, मागचं सुटावं. बहुतेक जुन्या ट्रेलरांत नेमकं उलटं असतं: पुढे न तुटणारी नायलॉनची म्होरकी आणि मागे कुजक्या पत्र्यातला आयबोल्ट.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एक बाई ट्रेलर घेऊन आल्या, त्याची साखळी नवी कोरी, चकचकीत होती. घरी पोचल्यावर त्यांनी घोडीचं डोकं सोडण्याआधी मागचं दार उघडलं. घोडीला मागे उजेड दिसला, तिने पुठ्ठा साखळीवर टेकवून रेटा दिला, आणि आयबोल्ट भिंतीतून निघून आला. माझ्या टेबलावर त्यांनी तो ठेवला तेव्हा त्याच्या मागे तळहाताएवढा पत्रा चिकटलेला होता. बाहेरून रंग शाबूत, आतून बिस्किटासारखा भुगा. घोडी मागचे दोन पाय रस्त्यावर, पुढचे दोन आत, आणि डोकं न तुटणाऱ्या म्होरकीला लटकलेलं, अशी अडकली. बाईंनी चाकूने दोरी कापली. घोडीच्या जबड्याखालची कातडी सोलवटली होती, मागच्या पायाला टाके पडले, पण जगली. तेव्हापासून कुणीही ‘फक्त साखळी बदलून द्या’ म्हणत आलं तरी मी आधी हातोडी घेऊन भिंतीपाशी जातो.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. चाकांना उटी लावा, पार्टिशन काढता येत असेल तर काढा, जमिनीवरच्या रबरी मॅट पूर्ण बाहेर ओढा. मॅट जड असतात, दोघं लागतील. मग मागच्या दोन कोपऱ्यांतले उभे खांब आणि मधला खांब, तिन्ही छोट्या हातोडीने वरपासून खालपर्यंत हळूहळू वाजवत जा. चांगलं लोखंड खणखणतं. आतून गंजलेलं भद्द वाजतं, आणि कान दोन मिनिटांत सरावतो. पेनसिल्व्हेनियात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते चाकांनी उडून खालच्या चॅनेलमध्ये बसतं. वरून घोड्याचं मूत मागच्याच बाजूला साचतं. त्यामुळे मागचा शेवटचा फूटभर भाग सगळ्यात आधी जातो, आणि दुर्दैवाने खांबांची मुळं तिथेच असतात. जमीन लाकडी फळ्यांची असेल तर टोच्या जोर लावून खुपसून बघा. सहज आत गेला तर फळी बदलायची. हे काम आधी, पिछाडी नंतर. ज्या जमिनीतून घोड्याचा पाय खाली जाऊ शकतो तिथे दांडा कितीही भारी बसवला तरी उपयोग नाही.

भिंतीला आतून प्लायवूडचं किंवा रबराचं अस्तर असेल तर आधारापाशी ते कापून मागे बघा. मी तरी अस्तर न उघडता कुठलाही जुना आधार चांगला म्हणत नाही.

आता साखळी की दांडा. दोन्हींमध्ये खरा फरक जोर कुठल्या दिशेने जातो यात आहे, आणि तो समजला की बाकीचे निर्णय आपोआप लागतात. समजा, पार्टिशनपासून भिंतीपर्यंत ३६ इंच आहे आणि घोड्याने मधोमध १,००० पौंडांचा रेटा दिला. तिथे दांडा असेल तर दोन्ही टोकांना साधारण पाचशे-पाचशे पौंड येतात, आणि ते सरळ मागच्या दिशेने. साखळी असेल तर ती मागे फुगते. पाच इंच फुगली तर प्रत्येक टोकाला जवळजवळ १,९०० पौंडांचा ताण येतो. साखळी आणखी ताणून बसवली आणि ती अडीच इंचच फुगली, तर ताण साडेतीन हजारांच्या वर जातो. दोन झाडांमध्ये तंग बांधलेल्या वाळत घालायच्या दोरीवर मधे ओला सतरंजीचा बोजा टाकला की खुंट्या उपटतात, तोच प्रकार. शिवाय हा ताण आतल्या दिशेने असतो, म्हणजे आयबोल्टला भिंतीतून बाहेर ओढणारा. तुमचा डोळा कसा वाकलाय ते बघा. तो मागे नव्हे, आत, पार्टिशनकडे वाकलेला असणार.

म्हणून माझं मत: मधला खांब आणि कोपऱ्यातले खांब धड असतील तर दांडा बसवा. इथे त्याला बट बार म्हणतात, ब्रिटनमध्ये ब्रीचिंग बार. दांडा पुठ्ठ्याखाली गोळा होऊन रुतत नाही, घोड्याला मागे हद्द कुठे आहे ते लगेच कळतं, आणि आधारांवर जोर कमी येतो. मधला खांब नसेल आणि पार्टिशन नुसतं वर-खाली पिनांवर लटकत असेल, तर दांड्याचं एक टोक डुगडुगत्या पार्टिशनवर टेकणार. तिथे आधी पार्टिशनच्या पिना आणि त्यांची भोकं बदलावी लागतील. भोक अंडाकृती झालं असेल तर नुसती पिन बदलून चालत नाही.

दांड्यासाठी नावाला दीड इंची, शेड्यूल ४० ची (हे भिंतीच्या जाडीचं माप) पोलादी पाइप घ्या. बाहेरून ती १.९ इंच भरते. कुंपणाच्या जाळीला लावतात ती पातळ नळी घेऊ नका, ती पुठ्ठ्याखाली ऊसासारखी मोडते. पाइपवर जाड फोम आणि वरून गाडीच्या सीटला वापरतात ते व्हिनाइल शिवून चढवा. नुसता फोम घोडे शेपटीने घासून आठवड्यात उडवतात. तुमच्याच राज्यात लँकेस्टर भागात आमिश लोकांची (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) चामड्याच्या साजाची दुकानं आहेत, अशा दुकानात माप दिलं तर घट्ट शिवलेलं कव्हर मिळतं, आणि त्यांचा टाका वर्षानुवर्षं टिकतो.

दांड्याचं आतलं टोक मधल्या खांबावर बिजागरीसारखं कायम अडकलेलं हवं, आणि पिनने अडकवलेलं, सुटणारं टोक बाहेरच्या भिंतीकडे. हे उलटं बसवलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. मग सोडणाऱ्या माणसाला हात घोड्याच्या मागून मधल्या खांबापर्यंत न्यावा लागतो. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये असं आपण म्हणतो ना, त्यातलं दुसरं इथे अक्षरशः पाळायचं. सुटणारं टोक भिंतीकडे असलं की तुमची मुलगी ट्रेलरच्या बाहेर, बाजूला उभी राहून हात घालून पिन ओढू शकते, आणि दांडा मधल्या खांबालगत खाली लोंबतो, घोड्याच्या पायांत येत नाही.

भिंतीतला आधार बसवताना लाकडात जाणारे जाड स्क्रू पूर्ण विसरा. खांबाच्या आरपार जाणारे अर्धा इंची बोल्ट घ्या, डोक्यावर तीन रेघा असलेले, म्हणजे ग्रेड ५ चे. रेघा नसलेला बोल्ट दिसायला तसाच असतो, पण तो नको. खांब पोकळ चौकोनी नळीचा असेल तर बोल्ट आवळताना नळी चेपते, म्हणून भोकात आतून बोल्टच्या मापाची एक छोटी नळी घालायची, दोन भिंतींमध्ये टेकू दिल्यासारखी. पलीकडून पाव इंच जाडीची, चार बाय चार इंचांची पट्टी, आणि तिच्यावर नायलॉनची कडी असलेले नट. ही मागची पट्टी स्वस्त असते, आणि लोक नेमकी तीच गाळतात. त्या बाईंच्या ट्रेलरमध्ये तिच्या जागी रुपयाएवढा वॉशर होता.

खांब गंजलेला निघाला तर तो भाग कापून नवं लोखंड जोडावं लागेल, आणि ते वेल्डरकडूनच करून घ्या. जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडावर वेल्डिंग केलं तर त्याच्या धुराने ताप भरतो, म्हणून जोडापासून इंच-दोन इंच मुलामा आधी घासून काढतात. ट्रेलरमधलं सगळं गवत, भुसा आणि अस्तर बाहेर काढलेलं हवं. तुमचा पोलादी आहे म्हणून हे शक्य आहे. अॅल्युमिनियमच्या ट्रेलरचा खांब वेल्ड केला तर जोडाच्या आसपासची ताकद खूप उतरते, तिथे मी बोल्टच लावतो, आणि दोन धातूंमध्ये नायलॉनचा वॉशर घालतो, नाहीतर मिठाच्या पाण्यात अॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन जातं.

आता उंची. ठरावीक इंच सांगणारे पुष्कळ भेटतील, पण उंची घोड्यावरून ठरते. तुमचा घोडा साडेपंधरा हातांचा (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा), म्हणजे खांद्याच्या उंचवट्याला ६२ इंच. त्याला सपाट जमिनीवर उभा करा, शेपटीच्या दोन्ही बाजूंना बसण्याची टोकदार हाडं चाचपा. दांडा त्या हाडांच्या खाली, चार बोटं ते वीतभर अंतरात यायला हवा, म्हणजे मांडीच्या भरलेल्या भागावर. त्याहून वर असला तर घोडा शेपटी दाबून बसल्यासारखा टेकतो आणि बिथरला तर खालून सरपटतो. फार खाली असला तर त्यावर बसून मागे उलटायचा धोका. माप जमिनीपासून घेतलं असेल तर मॅटची जाडी धरायला विसरू नका, पाऊण इंच सहज असते. पुढेमागे मुलीसाठी मोठा घोडा येईल असं वाटत असेल तर आधाराच्या पट्टीला दोन उंचींची भोकं आताच पाडून घ्या.

मागे-पुढे किती जागा ठेवायची, हेही लोक चुकतात. घोडा पुढे छातीसमोर असलेल्या दांड्याला टेकून उभा असताना मागच्या दांड्यापर्यंत वीतभर मोकळं राहावं. अगदी चिकटून बसवला तर वळणावर घोड्याला पाय फाकवून तोल सावरता येत नाही.

साखळीच ठेवायची असेल, आणि काही ट्रेलरांत तोच पर्याय उरतो, तर ३/८ इंची ग्रेड ३० ची (हा पोलादाच्या ताकदीचा दर्जा) घ्या. तिची कामाची मर्यादा २,६५० पौंड असते. मधोमध पाचेक इंच फुगेल एवढी सैल ठेवा, तंग नको. भिंतीत वाकवलेल्या तारेचा डोळा नको, घडवलेला, खाली खांदा असलेला आयबोल्ट हवा. रबरी नळीबद्दल एक सांगतो. कव्हर हवंच, नाहीतर शेपटीचे केस कड्यांत अडकतात. पण बागेच्या नळीत पाणी शिरलं की बाहेर येत नाही. तुमच्या साखळीची नळी लांबीत चिरून बघा, आतून गंजाचा लाल चिखल निघेल असं मला वाटतं. नवं कव्हर झिप लावलेलं किंवा वेल्क्रोचं घ्या, म्हणजे वर्षातून एकदा उघडून बघता येतं.

आणि कॅरॅबिनर नको, कुठल्याच टोकाला. साधा बोटाने मागे ओढायचा बोल्ट स्नॅपही नको. ताण आला की त्याची जीभ अडकते आणि नेमका घोडा रेटत असतानाच तो उघडत नाही. सुटणाऱ्या टोकाला पॅनिक स्नॅप हवा, ज्याची बाहेरची नळी सरकवली की हुक ताणाखालीही उघडतो. त्यातही बाजारात ओतीव जस्ताचे, पितळी रंगाचे स्वस्त मिळतात, ते हातात हलके लागतात. पोलादाचा, भार-मर्यादा कोरलेला घ्या. तो भिंतीकडच्या टोकाला लावा आणि अशा बाजूने अडकवा की नळी स्वतःच्या वजनाने किंवा शेपटीच्या धक्क्याने सरकून उघडणार नाही. दुसऱ्या टोकाला पान्याने आवळायची कडी चालते.

दांडा असो की साखळी, घोडा चढवण्याआधी सोडून बघण्याची चाचणी करा. दांड्याच्या मध्याला रॅचेटचा (मूठ मागे-पुढे करून ताणायचा) पट्टा गुंडाळा, मागे उभ्या केलेल्या गाडीच्या हुकाला दुसरं टोक लावा, आणि हाताने ताणता येईल तेवढाच ताणा. दांडा मागे झुकून जिथून फिरेल ती जागा मोकळी ठेवा, मुलांना लांब उभं करा. मग भिंतीच्या बाजूने उभ्या राहून एका हाताने पिन ओढा. सुटली पाहिजे. दोन हात लागले, पाय रोवून खेचावी लागली, तर ती पिन बाद. बहुधा पिनवर जुन्या भोकाच्या कडेने खाच पडलेली असते, नखाने चाचपली तरी लागते. नवी ५/८ इंची, गुळगुळीत पिन आणि थोडं ग्रीस, एवढ्याने काम होतं. ही चाचणी तुमच्या मुलीच्या हातून करा, यजमानांच्या नको. कारण अडचणीच्या वेळी तिथे तीच असणार.

गावाकडे मी लहान असताना घोड्यांचे ट्रक यात्रेला निघायचे. मोतद्दार मागे आडवे वासे काथ्याने बांधायचा, आणि शेवटची गाठ सुरगाठ. एक टोक ओढलं की अख्खा वासा मोकळा. भारतात १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांतही घोड्यांच्या ट्रकसाठी दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटीमीटर जाडीचे बांबू आणि मागे दोन भक्कम आडव्या पट्ट्या सांगितल्या आहेत. त्या मोतद्दाराला नियम ठाऊक असतील असं नाही, पण आडवं लाकूड भक्कम आणि गाठ झटक्यात सुटणारी, हे त्याला पक्कं माहीत होतं.

चढवण्या-उतरवण्याचा क्रम मात्र मुलीकडून तोंडपाठ करून घ्या. चढवताना घोडा आत, मग मागचा दांडा, मग दार, आणि सगळ्यात शेवटी डोकं बांधायचं. उतरवताना आधी डोकं सोडायचं, मग दार, आणि शेवटी दांडा. दांडा निघाला आणि डोकं बांधलेलंच राहिलं की घोडा मागे सरकतो, दोरीचा हिसका बसतो, तो घाबरून आणखी खेचतो, आणि घोडीचं जे झालं ते होतं. एकटी असेल तर घाई करू नये, कुणाला तरी हाक मारावी. आणि म्होरकी चामड्याची घ्या, किंवा नायलॉनचीच असेल तर कानामागचा पट्टा तरी चामड्याचा.

बसवून झाल्यावर प्रत्येक नटावर आणि पट्टीवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढा. पहिल्या दिवशी गल्लीतून फेरी, मग पन्नासेक मैल, आणि परत आल्यावर टॉर्च घेऊन रेघा बघा. रेघ तुटलेली दिसली तर तो नट हललाय. खांबाची तपासणी झाली की फोटो पाठवा, विशेषतः मधल्या खांबाच्या मुळाचा, मॅट काढून.